कायदा आहे, दंड आहे, ड्रोनही आहे. तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपत का नाही?

मासेमारीचा हंगाम सुरू झाला की सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून ठरावीक बातम्या येतात. एलईडी लाइट लावून मासेमारी करणारी नौका पकडली, परराज्यातले ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसले, पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चा काढला. सोशल मीडियावर व्हिडिओ फिरतात, दोन दिवसांनी विषय मागे पडतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

हा वाद नेमका कशाचा आहे? आणि इतके नियम असूनही तो मिटत का नाही?

पारंपरिक मासेमारी म्हणजे काय?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी, गाबीत, भंडारी, दालदी असे अनेक समाज पिढ्यानपिढ्या मासेमारी करतात. प्रत्येक पट्ट्याची पद्धत वेगळी. पालघर ते रायगड भागात भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी लावतात. सिंधुदुर्गात रापण ओढतात.

रापणीत होडीतून जाळं अर्धगोलाकार सोडलं जातं. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. मग रापण संघातली माणसं मिळून ते ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात.

या पद्धतीची मर्यादा हीच तिची ताकद आहे. रापण किनाऱ्यापासून फार लांब जात नाही. मासा किनाऱ्याजवळ आला तरच तो जाळ्यात येतो. गिलनेटचंही तसंच. जाळ्याचा आस मोठा असेल तर लहान मासा त्यातून निसटतो. म्हणजे समुद्रात शिल्लक काहीतरी राहतंच.

मग पर्ससीन आणि एलईडीचा मुद्दा काय?

पर्ससीन जाळं भिंतीसारखं उभं सोडून माशांच्या थव्याभोवती फिरवतात. मग खालचा दोर आवळला की थैलीचं तोंड बंद व्हावं तसं जाळं तळातून बंद होतं. बांगडा, तारली यांचा अख्खा थवा एका वेळी हाती लागतो.

त्यात एलईडीची भर पडली. नौकेवर जनरेटर ठेवून रात्री प्रखर दिवे लावले जातात. उजेडाकडे लहान-मोठा सगळा मासा गोळा होतो आणि त्याला घेरणं सोपं होतं. थवा समुद्रातच उचलला गेला तर किनाऱ्यावर रापण लावून बसलेल्यांना काय मिळणार, हा पारंपरिक मच्छीमारांचा प्रश्न आहे.

हा वाद कधीपासूनचा?

याची मुळं शेजारच्या गोव्यात सापडतात. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले, तेव्हा तिथल्या रापणकारांनी मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन उभं केलं. १९८०मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमन कायदा आला. १९८१मध्ये महाराष्ट्रानेही असाच कायदा केला.

पुढे पर्ससीन नौका वाढल्या. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीने २०१२मध्ये अहवाल दिला आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली. पर्ससीन मासेमारी फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात करायची आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२पर्यंत खाली आणायचे, असं त्यात ठरलं. २०१७मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली.

२०२१मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. एलईडी मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. आधी अशी प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली. जानेवारी २०२५पासून ड्रोनने टेहळणीही सुरू झाली.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण हद्दीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीचं नियमन राज्याकडे आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचं विशेष आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येतं. नौका पकडली की ‘आम्ही बाहेर होतो’ हे उत्तर तयार असायचं. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने या बाहेरच्या क्षेत्रासाठीही नियम आणले. यांत्रिक नौकांना तिथे जाण्यासाठी पास लागेल आणि एलईडी, पेअर ट्रॉलिंग, बुल ट्रॉलिंग यांना मनाई असेल, असं त्यात म्हटलं आहे. कागदावर तरी ही पळवाट बुजली आहे.

दुसरी अडचण पाठलागाची. अंधाऱ्या समुद्रात वेगवान नौका गाठायची तर गस्तीनौका तितकीच वेगवान हवी आणि ती वेळेवर पोहोचायला हवी. ड्रोन फोटो काढू शकतो, नौका थांबवू शकत नाही.

पण इथेच एक साधी गोष्ट नजरेआड होते. नौका समुद्रात कुठेही गेली तरी तिला बंदरात यावंच लागतं. दिवे आणि जनरेटर खिशात लपत नाहीत. मासळी जेटीवरच उतरते, लिलाव तिथेच होतो, बर्फ आणि डिझेलही तिथेच भरलं जातं. म्हणजे नियम पाळले जातात की नाही, याची सर्वात स्वस्त तपासणी बंदरावर होऊ शकते. नियम मोडणाऱ्याचा परवाना आणि डिझेलचा परतावा थांबला, तर तो फटका एखाद्या दंडापेक्षा जास्त काळ जाणवेल.

पर्ससीनवाल्यांची बाजू काय?

तीही ऐकायला हवी. परवाना घेऊन, कर्ज काढून नौका बांधलेले लोक आहेत. प्रत्येक नौकेवर खलाशी असतात, त्यांची घरं त्यावर चालतात. आम्हाला चार महिन्यांत थांबवता, पण परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येऊन मासळी नेतात, ही त्यांचीही तक्रार आहे. नियम एकाला आणि मोकळीक दुसऱ्याला असेल, तर तो पाळायची इच्छा कुणालाच राहत नाही.

दुसरीकडे, ‘पारंपरिक’ म्हणजे आपोआप ‘शाश्वत’, असंही नाही. डोल जाळ्याच्या टोकाचा आस बारीक असतो आणि त्यात पापलेटची पिल्लंही अडकतात. म्हणूनच २०२३मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलीमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. हा आकाराचा नियम होडीलाही लागू आहे आणि ट्रॉलरलाही.

फटका कुणाला जास्त?

मासा कमी झाला की मोठी नौका आणखी लांब जाऊ शकते. तिच्याकडे इंजिन आहे, बर्फाची सोय आहे, मासे शोधायचं यंत्र आहे. रापण ओढणाऱ्याकडे दुसरा समुद्र नाही. त्याच्यासोबत किनाऱ्यावर मासळी विकत घेऊन बाजारात बसणाऱ्या, ती सुकवणाऱ्या बायकांचंही उत्पन्न जातं. त्यांचा माल याच छोट्या होड्यांवर अवलंबून असतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्यात अनेक माशांची वीण होते. पण दोन महिने समुद्राला विश्रांती द्यायची आणि उरलेल्या दहा महिन्यांत पिल्लांसकट थवे उचलायचे, तर त्या विश्रांतीचा उपयोग मर्यादितच राहतो.

यात तुमचा संबंध काय?

१३५ मिलीमीटर म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षा थोडं कमी. बाजारात पापलेट घेताना इतकं माप डोळ्यांनी कळतं. त्यापेक्षा लहान पापलेट स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं, तर ते अंडी घालण्याआधीच ताटात आलेलं असण्याची शक्यता मोठी. असा माल विकला गेला नाही तर तो पकडण्यात फायदा उरत नाही.

अर्थात, ही जबाबदारी फक्त ग्राहकावर ढकलून चालणार नाही. नियम लिहून झाले आहेत. आता प्रत्येक बंदरात कोणाची नौका तपासली, किती दंड झाला आणि तो वसूल झाला का, ही माहिती लोकांसमोर नियमित यायला हवी. ती आली, तर पुढच्या हंगामात मोर्चा काढायचा की जाळं टाकायचं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठरवता येईल.