उसाची ट्रॉली आणि मागून येणारी मोटार



बेणे, लागण, खोडवा सोडून आम्ही आज अपघाताचं काय घेऊन बसलो, असं आपणांस वाटेल. पण ऊस गव्हाणीत पडेपर्यंत तो आपल्याच जबाबदारीत असतो, असं आम्ही मानतो.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर आपल्या वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर भाविकांची मिनीबस ट्रकला मागून धडकली. १२ माणसं गेली. त्याआधी १४ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विनायक मेटे यांची मोटार ट्रकवर आदळली आणि बीडचा हा नेता गेला.

मोटारीवर मोटार आदळली तर बॉनेट चेपतं, बराचसा दणका तिथंच जिरतो. ट्रॉलीचं तसं नाही. तिचा सांगाडा उंच. बॉनेट सरळ खाली शिरतं आणि लोखंडी कड काचेतून माणसाच्या डोक्याशी येते. पट्टा लावलेला असला तरी तिथं त्याचं फारसं चालत नाही. मालट्रकला मागे खाली आडवी दांडी लावतात ती याचसाठी. आपल्या किती ट्रॉल्यांना ती आहे, हे सभासदांनी स्वतःच बघावं! त्यात वेग चाळीसचा ऐंशी झाला की दणका दुप्पट नव्हे, चौपट होतो.

आता आपला दोष. मागचा दिवा नाही. असला तर लोंबणाऱ्या वाढ्यांत झाकलेला. पंक्चर झालं की चाकाला दगड लावायचे, ट्रॉली रस्त्यावरच, आणि निघताना दगड तिथंच. जास्त खेपा करा म्हणून घाई करणारे आम्हीच, हेही कबूल केलं पाहिजे.

वाहतूकदार म्हणतात, "साहेब, मोटारवाल्यानं डोळे उघडे ठेवावेत की." निम्मं खरं आहे. मागच्या सीटवरचा पट्टा तर आपल्याकडं कुणी लावतच नाही, आणि आता मोटारी सभासदांच्याही दारात आहेत. पण अंधारात न दिसणारी ट्रॉली डोळे उघडे ठेवूनही दिसत नाही.

म्हणून आम्ही संचालक मंडळाला लेखी सुचवलं आहे: मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा नसेल त्या ट्रॉलीला तोडणीची स्लिप देऊ नये, आडव्या दांडीसाठी पुढच्या हंगामापर्यंत मुदत द्यावी. सुरुवातीला गाड्या कमी पडतील, एखाद्याचा तोडलेला ऊस दिवसभर फडात पडून वजन घटेल. त्याबद्दल गट ऑफिसात येऊन आम्हाला खुशाल बोला.