चिंचोके फुकट, वेळ महाग

बालवर्गांचे शुल्क परवडेनासे झाल्याने ‘मुलाला घरीच शिकवू’ असा विचार काही पालक करू लागले आहेत. तो अव्यवहार्य नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरातील शिंपले, बिया, पाने यांनाच शिक्षणसाधनांचा मान दिला. चिंचोके मोजणे, मिसळलेली कडधान्ये निवडणे, कणीक मळणे यांतून बालकाची बोटे व बुद्धी एकदमच घडतात. साधने फुकट मिळतात. खरा खर्च वेळेचा आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या मातेने तो आणावा कोठून? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमीही सहाव्या वर्षापासूनची. तोवर तिच्या मुलाला आधार अंगणवाडीचाच. घरी शिकविणाऱ्या सुशिक्षित पालकांनी या अंगणवाडीसाठीही शासनाकडे आग्रह धरावयास हवा.