ढालीमागचा डाग आणि पायातला गंज



दिवाळीत आपल्याकडे पोरं दारात किल्ला करतात. त्यावर मांडायची चित्रं पूर्वी मातीची असायची. सिंहासनावर महाराज, खाली मावळे, भालदार, गवळण आणि इतिहासाशी काही घेणं-देणं नसलेला एखादा वाघ. रंग समोरूनच, पाठ बऱ्याचदा कोरी. पोरांनाही त्याचं काही वाटत नसे.

आता रेझिनचे, पीव्हीसीचे मावळे ऑनलाइन येतात. माझा कॉलेजातला भाचा ते जमवतो, जोडीला परदेशी सुपरहिरोही. त्यानं एक मावळा दोनदा परत पाठवला. का, तर ढालीच्या मागे रंगाचा बारीक ओघळ. कपाटात ठेवल्यावर तो कुणाला दिसणार होता? "पण मामा, मला माहितीये ना तो तिथं आहे!" घरातले हसले. मला पोरगं पटलं, पण निम्मंच.

कारण न दिसणाऱ्या दोषांतही दोन जाती असतात. ढालीमागच्या ओघळानं मावळ्याचं काही बिघडत नाही. पण घोट्यातला सांधा कच्चा असेल तर उन्हाळ्यात पीव्हीसी मऊ पडतं, चित्र हळूहळू पुढे झुकतं आणि एक दिवस तोंडावर पडतं. साहेबांनी रंग मोबाईलचा टॉर्च मारून तपासला, घोटा काही हलवून पाहिला नाही.

आपण मोठी माणसं तरी काय वेगळं करतो? मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाहीत! आधी चर्चा झाली ती पुतळा प्रमाणबद्ध आहे की नाही याची, म्हणजे दिसण्याची. नट-बोल्टला गंज चढलाय हे बांधकाम विभागानं पडण्याच्या काही दिवस आधी पत्रानं कळवलं होतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं हे मालवणच्या कुठल्याही होडीवाल्यानं सांगितलं असतं. पण विचारतो कोण?

उलट आपल्या हरिश्चंद्रगडावर जा. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड आहे. दोष ढळढळीत दिसतो, आपण त्याची चार युगांची गोष्टही रंगवून सांगतो. पण गुहा कातळातच कोरलेली, त्यामुळे छत जागचं हललेलं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या रस्त्यावरची एक मोरी दुसऱ्याच पावसाळ्यात खचली. कठडा मात्र अजून पांढराशुभ्र! उद्घाटनाला जमलेल्या लोकांनी (मीही त्यात होतो) काय बघायचं? सळई किती जाडीची, किती अंतरावर, हे काँक्रीट ओतलं की कायमचं झाकलं जातं. म्हणून तर १५ सेंटीमीटरचे ठोकळे पाडून ते ७ आणि २८ दिवसांनी दाबून तपासण्याची पद्धत आहे. तो अहवाल फाईलमध्ये असायला हवा. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय?

बघायचा हक्क आहे बरं का. माहिती अधिकार कायदा, २००५ म्हणजे फक्त कागदांच्या झेरॉक्स नाहीत. त्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क लिहिलेला आहे. अर्जाला १० रुपये लागतात. भाच्याच्या मावळ्याच्या कुरिअरला त्याहून जास्त गेले.

काही जण म्हणतील, असं खोदून विचारलं की कामं रखडतात, ठेकेदार यायला तयार होत नाहीत. वाडीवस्तीवर आधीच कामं येत नाहीत, त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नाही. पण खचलेली मोरी पुन्हा मंजूर करून आणायला किती वर्षं जातात, तेही तिथल्याच लोकांना विचारा.

ज्यांच्या गावात सध्या मोरी, साकव, बंधारा, पुतळ्याचा चौथरा, काहीही चालू असेल, त्यांनी सळई उघडी आहे तोवर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. अर्जाचा नमुना हवा असेल तर खाली कमेंट करा, पाठवतो.