दगडाला त्याचे गाव असू द्या

नरखेड तालुक्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे संत्र्याच्या बागा येतात. समुद्र कुणाच्या मनातही येत नाही. पण शेजारी, मध्य प्रदेशच्या हद्दीत, सौंसर भागातले मोहगांव कलां नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत मिळालेल्या गारगोटीसारख्या दगडांनी शास्त्रज्ञांना एक विलक्षण प्रश्न विचारायला लावले: इथे कधीकाळी खारे पाणी होते काय?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरत होते. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात सखल जागी तळी साचली, काठाने झाडे वाढली, पाण्यात गोगलगायी नांदल्या. सिलिका मिसळलेले पाणी खोडाफळांच्या पेशीपेशींत मुरले, त्यांचा दगड झाला आणि पुढच्या लाव्हाने सारे झाकून टाकले. १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीजवळच्या अशाच थरातले शंख, फळे, बिया गोळा केल्या.

हे शंख बहुतांशी गोड्या पाण्यातले. मोहगांवच्या वनस्पतींवर बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ साली निबंध लिहिला. तिथल्या दगडांत नायपाचे फळही मिळाले. नायपा हा आज सुंदरबनात भरती-ओहोटीच्या चिखलात वाढणारा ताडाच्या कुळातला वृक्ष. मग खरे कोणाचे मानायचे, शंखाचे की फळाचे? समुद्राचा एखादा फाटा इथवर आला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांना ते पटत नाही.

हा वाद मिटवायचा तर शंख आणि फळ एकाच थरात होते की वेगवेगळ्या, हे कळले पाहिजे. म्हणूनच असा दगड कुठे सापडला, हे दगडाइतकेच मोलाचे. दिवाणखान्याच्या कपाटात जाऊन बसलेला, गाव हरवलेला दगड सुंदर दिसेल. साक्ष मात्र देणार नाही.

नरखेडची जमीनही त्याच लाव्हाची. विहीर खणताना, संत्र्याचे खड्डे घेताना शंखाची किंवा लाकडाच्या रेषांची खूण असलेला दगड निघाला, तर तो धुऱ्यावर फेकला जातो, नाहीतर रस्त्याच्या खडीत जातो. शेतकऱ्याने काम थांबवावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याने खुणेचे दोन-चार दगड बाजूला ठेवावेत, एवढेच माझे म्हणणे. गावच्या शाळेने ते एका फळीवर मांडावेत आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावावी: गाव, गट नंबर, किती फुटांवर सापडला, कोणत्या तारखेला. महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक वर्षातून एकदा येऊन पाहून गेले, तरी पुष्कळ झाले.

याला ना मोठे अनुदान लागते, ना मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन. एक फळी, शाईचे पेन आणि नोंद ठेवण्याची सवय पुरते. मुले इतिहासाच्या तासाला राजांची नावे पाठ करतातच. आपल्याच शेताचा ६ कोटी वर्षांचा दाखला त्यांनी एकदा हातात घेऊन पाहावा.