लिहून देणार, लिहून घेणार

मराठी साहित्याला बिऱ्हाडकरूंची वाण कधी पडली नाही. चाळीतल्या दोन खोल्या, सामायिक नळ, महिनाअखेरची ओढाताण आणि डोक्यावर टांगलेली जागा सोडण्याची नोटीस, एवढ्या सामग्रीवर आपल्या कथेने, नाटकाने आणि विनोदाने निदान दोन पिढ्या काढल्या. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा तिच्या वाचकांपैकी पुष्कळांना चाळ समजावून सांगण्याची गरज नव्हती. घरमालक मात्र या सगळ्या साहित्यात बहुधा जिन्यावरून ऐकू येणारा खाकरण्याचा आवाज म्हणूनच राहिला. भाडे मागणारा, दुरुस्ती टाळणारा, चेष्टेला हक्काचा. याचे कारण गूढ नाही. लिहिणारे स्वतः भाड्याने राहत होते.

आता ते राहत नाहीत. पुण्या-मुंबईत, नाशिकला, औरंगाबादेत (२०२३ पासून तिचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) ज्या वर्गातून मराठीचे प्राध्यापक, समीक्षक, संपादक आणि आमच्यासारखी लिहिणारी मंडळी येतात, त्या वर्गाने राहते घर तर घेतलेच, शिवाय कर्ज काढून दुसरे घेतले आणि ते भाड्याने दिले. आमच्यापैकी काहींनीही दिले आहे. या गोष्टीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या नव्या घरमालकाच्या आत्मप्रतिमेविषयी. तो स्वतःला घरमालक म्हणवूनच घेत नाही. 'आम्ही कसले मालक हो, एक फ्लॅट आहे एवढंच,' असे तो म्हणतो. हा विनय वरवर गोड दिसतो, पण त्याच्या आड एक सत्ता नांदते आहे आणि तिला नाव नसल्यामुळे तिची समीक्षाही होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू, कारण विनयाचे मूळ तिथे आहे. समजा ८० लाखांचा फ्लॅट महिना २० हजारांनी दिला. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. त्यातून मालमत्ता कर जातो, सोसायटीचा देखभाल खर्च जातो, मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा जादा आकार जातो (तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेऊ नये, असा राज्य शासनाचा आदेश २००१ पासून आहे, तो ठाऊक असलेले सभासद थोडे), मधले एक-दोन रिकामे महिने जातात. प्राप्तिकरात भाड्याच्या निव्वळ उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तो एक दिलासा. गृहकर्जाचा दर मात्र या ३ टक्क्यांच्या दुपटीच्याही वर असतो. पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्याला हा हिशेब सहसा कोणी सांगत नाही; हप्ता भाड्यातून सुटेल, असेच सांगतात. तो सुटत नाही. मग माणूस घर का घेतो? किंमत वाढेल म्हणून. आणि किंमत वाढेपर्यंत त्या घरात कोणीतरी दिवा लावावा, नळ सोडावा, वाळवी लागू देऊ नये, म्हणून भाडेकरू. म्हणजे या व्यवहारात भाडेकरू हा राखणदार आहे आणि राखणीचे पैसे तोच देतो! भिंतीत एक खिळा मारला तरी नव्या मालकाच्या काळजात तो का रुततो, हे यावरून कळेल. भिंत ही त्याच्या दृष्टीने भिंत नसून मुदत ठेव असते.

यावर उत्तर ठरलेले असते: भाडेकरू घर बळकावतो. हे भय निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. घरांच्या किमती आभाळाला गेल्या तरी भाडे जागचे हलेना आणि मालकांनी इमारतींकडे पाहणे सोडून दिले. भाडेकरू नको म्हणून लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवानाधारक ताब्यात होते तेही भाडेकरू ठरले. ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी हे भोगले त्यांच्या घरात 'भाडेकरू' हा शब्द विंचवासारखा झटकला जातो, हे समजण्यासारखे आहे. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या गोठलेल्या भाड्यांच्या तरतुदींना अवाजवी म्हटले, १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्याचे २४ वे कलम नव्या घरमालकाने वाचावे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवान्याचा काळ संपला की परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट आकार मागता येतो. पंचावन्नावे कलमही वाचावे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास शिक्षा आहेच, शिवाय अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. म्हणजे कायद्याने मालकाच्या हाती भक्कम ढाल दिली आहे आणि बदल्यात कागद सरळ करायला सांगितले आहे. भय मात्र १९७३ चेच चालू आहे.

अकरा महिन्यांची गंमत पाहा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. ते टाळावे म्हणून देशभर अकरा महिन्यांची टूम निघाली. महाराष्ट्रात पंचावन्नाव्या कलमाखाली मुदत कितीही असली तरी नोंदणी अटळ. म्हणजे अकरा महिन्यांचे मूळ कारण इथे पाव शतकापूर्वीच संपले. दोन वर्षांचा, तीन वर्षांचा करार खुशाल करता येतो. तरी करार अकरा महिन्यांचाच होतो, कारण दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवता येते, मध्यस्थाला पुन्हा दलाली मिळते, आणि समोरच्याला आपण पाहुणे आहोत याची आठवण राहते. समीक्षेत आपण ज्याला रूढ संकेत म्हणतो, अर्थ निघून गेला तरी रूप टिकून राहते तो, त्याचे याहून चोख उदाहरण वर्गात द्यायला मिळणार नाही.

पण आमचा खरा मुद्दा दाराशी आहे, कागदाशी नाही.

तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १९१७ साली डॉ. आंबेडकर शिकून परतले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून ते तिथे उतरले. ते पारशी नाहीत हे रखवालदाराला कळले होते, पण त्याला गिऱ्हाईक हवे होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दुसरा प्रसंग कथेतला. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातल्या शीर्षककथेचा नायक परगावी रेल्वेच्या नोकरीत जात लपवून राहतो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. तिसरा प्रसंग अभ्यासक्रमात नाही, पण आपल्या सर्वांना पाठ आहे. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. पुण्यात चार अविवाहित तरुणांना खोली मिळत नाही. मालकिणीला जोडपीच हवी असतात. म्हणून दोघे लुगडी नेसतात.

हा तिसरा प्रसंग पहिल्या दोघांच्या पंगतीला बसवला म्हणून काही वाचक रागावतील. वेदनेची प्रत एक नाही, हे आम्हालाही कळते. एकीकडे काठ्या आहेत, दुसरीकडे हशा. तरी कृती तीच आहे. छप्पर हवे असेल तर दाराशी खोटे नाव, खोटी जात किंवा खोटे रूप सांगा. सत्य सांगणाऱ्याला घर नाही. मराठीतला भाडेकरू खोटे का बोलतो हे आपण सहानुभूतीने वाचत आलो. तो ज्याच्यापुढे खोटे बोलतो, त्या दार उघडणाऱ्या माणसाविषयी आपण काय लिहिले? जवळजवळ काहीच नाही. आणि आता दार उघडणारे आपण आहोत.

बीडहून, नांदेडहून, गडचिरोलीहून पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी सकाळी अकराच्या तासाला बागुलांची कथा ऐकतो. शिकवणारे सर तळमळीने शिकवतात, यात शंका नाही. संध्याकाळी तोच विद्यार्थी जाहिरात पाहून कुठेतरी फोन करतो. पलीकडून विचारले जाते: पूर्ण नाव काय? आडनाव सांगितल्यावर क्षणभर शांतता, मग 'मूळचे कुठले?', मग 'घरात काय काय शिजतं?', आणि मग 'कालच दुसऱ्या पार्टीचं टोकन आलं.' फोनवरचा माणूस सरच असेल असे नाही. सरांच्या स्टाफरूममधला कोणी असण्याची शक्यता मात्र आपण नाकारू शकत नाही. मुसलमान नाव असेल तर एवढीही प्रश्नोत्तरे होत नाहीत. एकटी स्त्री असेल तर प्रश्न वेगळे: कोण कोण येणार, किती वाजता परतणार, घरचे कधी भेटायला येणार.

'घर आमचं, कुणाला द्यायचं ते आम्ही ठरवणार,' हा प्रतिवाद आम्ही शेकडो वेळा ऐकला आहे. कायदा त्याला बऱ्याच अंशी साथ देतो, हे दुर्दैवाने खरे. राज्यघटनेच्या १५ (२) या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन भेदाला मज्जाव केला आहे. त्या यादीत भाड्याचे घर नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखण्याचा संस्थेचा नियम मान्य केला. तेव्हा न्यायालयात कोणी खेचणार नाही, निश्चिंत असावे. पण जो वर्ग पाणवठ्याच्या सत्याग्रहावर निबंध तपासतो आणि घटनेच्या उद्देशिकेवर व्याख्याने ठेवतो, त्याने आपल्या दुसऱ्या फ्लॅटपुरते यादीत नसण्याचे सुख उपभोगावे, हे आम्हाला मान्य नाही. विहीर यादीत येण्यापूर्वीही विहिरीवरचा अन्याय अन्यायच होता.

दुसरी पळवाट सोसायटीची. 'आमचं काही नाही हो, सोसायटी चालू देत नाही.' भाडेकरू ठेवल्याचे सोसायटीला कळवावे लागते, पोलिसांनाही माहिती द्यावी लागते, हे बरोबर. पण कळवणे आणि परवानगी मागणे यांतला फरक मराठीच्या शिक्षकाला कोणी समजावून सांगावा? (जाता जाता: पोलिसांचा अर्ज फक्त भाडेकरूची माहिती तपासतो. घरमालक कसा आहे, आधीच्या चौघांची अनामत त्याने परत केली का, हे तपासायचा अर्ज अजून छापला गेलेला नाही.)

आता त्या मसुद्याविषयी थोडे. मराठी दस्तात दोन पक्षांना 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' म्हणतात. सुंदर शब्द आहेत. प्रत्यक्षात लिहून देणारा काहीच लिहीत नाही. मध्यस्थाच्या संगणकातला इंग्रजी मसुदा निघतो, नावे बदलतात, अंगठे उमटतात. लिहून घेणारा कित्येकदा तो वाचू शकत नाही आणि लिहून देणारा वाचत नाही. आयुष्यभर संहितेचे बारकाईने वाचन शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या सहीची संहिता न वाचता सोडावी, यात आम्हाला विनोदही दिसतो.

तेव्हा पहिले घर भाड्याने देऊ पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी मसुदा स्वतः मराठीत लिहावा. अनामत किती आणि ती जागा सोडल्यावर किती दिवसांत परत, हे आकड्यात लिहावे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे; राज्याने तो कायदा करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. भिंती, नळ, पंखे आज कसे आहेत याची यादी दोघांच्या सहीने जोडावी, म्हणजे खिळ्याचा वाद खिळ्याएवढाच राहील. कोणती दुरुस्ती कोणाची, हे लिहावे. घर पाहायला यायचे तर आदल्या दिवशी कळवून यावे, हेही लिहावे; किल्लीची दुसरी प्रत खिशात आहे म्हणून ते घर आपल्या बैठकीची खोली होत नाही. वाद झाला तरी पाणी आणि वीज तोडता येत नाही, हे कायद्यात आहेच, मसुद्यातही असू द्यावे. आणि जाहिरातीत भाडे, अनामत, मजला आणि पाण्याची वेळ एवढेच छापावे. फोन आला की आडनाव विचारण्याआधी घर पाहायला केव्हा येता ते विचारावे. आडनाव पुढे करारात लिहावेच लागणार आहे.