विश्लेषण : न पाहता, न ऐकता संवाद कसा साधतात? बधिरांध व्यक्तींसाठी ब्रेल यंत्र का महत्त्वाचे?

अंध व्यक्तींसाठी मोबाइल बोलू लागला आणि बधिरांसाठी बोललेले शब्द पडद्यावर उमटू लागले. मात्र ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी या दोन्ही सोयी निरुपयोगी ठरतात. त्यांच्यापर्यंत मजकूर पोहोचवण्याची वाट बोटांतून जाते. म्हणूनच बॅगेत मावणारे ब्रेल यंत्र महत्त्वाचे ठरते. पण नुसते यंत्र पुरेसे आहे का?

बधिरांध कोणाला म्हणतात?

ज्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही बाधित असतात, त्यांना बधिरांध म्हणतात. यात काहींना थोडे दिसते, काहींना थोडे ऐकू येते. बधिरांधांच्या जागतिक महासंघाच्या २०१८ मधील अहवालानुसार जगातील सुमारे ०.२ टक्के लोक तीव्र बधिरांध आहेत. सौम्य प्रमाण धरल्यास हा आकडा २ टक्क्यांपर्यंत जातो. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधतेचा उल्लेख बहुविकलांगतेत आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र त्यांची वेगळी नोंद नव्हती.

यंत्र कसे चालते?

ब्रेल डिस्प्लेवर लहान-लहान घरांची एक ओळ असते. प्रत्येक घरात सहसा आठ बारीक टाचण्या असतात आणि अक्षरानुसार त्या वर-खाली होतात. बोट फिरवून ओळ वाचली की बटण दाबायचे, पुढची ओळ उमटते. छोट्या यंत्रांत १४ किंवा २०, तर मोठ्या यंत्रांत ४० घरे असतात. ब्लूटूथने ते मोबाइलला जोडता येते. आयफोनमध्ये ही सोय अनेक वर्षांपासून आहे, तर अँड्रॉइडच्या ‘टॉकबॅक’मध्ये ती २०२२ मध्ये थेट समाविष्ट झाली.

समोरासमोर गप्पा कशा होतात?

समोरच्याने कीबोर्डवर किंवा मोबाइलवर टाइप करायचे. ते शब्द त्याच क्षणी ब्रेलमध्ये उमटतात. बधिरांध व्यक्ती बोलून किंवा ब्रेल कळांवर टाइप करून उत्तर देते. हार्वर्ड लॉ स्कूलमधून २०१३ मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या बधिरांध विद्यार्थिनी हेबन गिर्मा याच पद्धतीने संवाद साधतात. २०१५ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये बराक ओबामा यांनीही त्यांच्याशी कीबोर्डवर टाइप करूनच संवाद साधला होता. यात समोरच्याला ब्रेल किंवा सांकेतिक भाषा येण्याची गरज नसते. मोठा फायदा खासगीपणाचा. डॉक्टरांशी किंवा बँकेत बोलताना प्रत्येक वेळी घरातले कुणी मध्यस्थ लागत नाही. आपल्या आजाराबद्दल काय सांगायचे, हे ती व्यक्ती स्वतः ठरवू शकते.

सर्वांनाच त्याचा उपयोग होतो का?

नाही. आधी दृष्टी गमावलेल्या आणि नंतर ऐकू येणे बंद झालेल्या व्यक्तीला ब्रेल बहुधा येत असते. तिला यंत्र लगेच उपयोगी पडते. अशर सिंड्रोमसारख्या आजारात मात्र जन्मापासून ऐकू कमी येते किंवा येत नाही आणि दृष्टी पुढे हळूहळू जाते. अशा अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते. त्यांच्यासाठी लिखित मराठी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा. तिच्यात ब्रेल शिकायचे म्हणजे दुहेरी मेहनत. म्हणून हातावर हात ठेवून समजून घेण्याची स्पर्श-सांकेतिक भाषा आणि प्रशिक्षित दुभाषी यांची जागा यंत्र घेऊ शकत नाही.

यंत्रे महाग का?

२० घरांच्या यंत्रात आठप्रमाणे १६० टाचण्या असतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे हलवावी लागते. बहुतेक यंत्रांत त्यासाठी महागडे पिझोइलेक्ट्रिक भाग वापरतात. त्यात ग्राहक मोजके, म्हणून उत्पादनही कमी. अनेक देशांतील अंधांसाठीच्या संस्थांच्या पुढाकारातून आलेल्या ‘ऑर्बिट रीडर २०’ने वेगळे तंत्र वापरून किंमत बरीच खाली आणली. तरीही सामान्य कुटुंबासाठी हा खर्च मोठाच आहे.

अमेरिकेने काय केले?

२०१० च्या कायद्यानुसार तिथे कमी उत्पन्नाच्या बधिरांधांना दूरसंवादाची साधने मोफत देण्यासाठी वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंत तरतूद आहे. प्रायोगिक तत्त्वावर २०१२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम २०१७ मध्ये कायम झाला. साधनाबरोबरच कोणते साधन योग्य याची तपासणी, ते जोडून देणे आणि प्रशिक्षण यांचाही खर्च त्यातून होतो.

भारतात काय करता येईल?

पाया आहे. मराठीसह भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ पासून प्रमाण आहे. मुंबईत १९७७ पासून हेलन केलर संस्था बधिर आणि बधिरांध मुलांना शिकवते. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची एडिप योजनाही आहे. मात्र तिचे वाटप बऱ्याचदा शिबिरांतून होते. व्हीलचेअर किंवा काठीसाठी ते चालून जाते. ब्रेल यंत्र वापरायला आधी ब्रेल, मग मोबाइल, मग दोन्हींची जोडणी शिकावी लागते आणि तेही स्पर्शातून, शिक्षकाने शेजारी बसून. शिकवणारा नसेल तर यंत्र कपाटात पडून राहते. त्यामुळे बधिरांधांसाठीच्या तरतुदीत यंत्राच्या किमतीइतकाच शिक्षकाचा वेळही धरावा लागेल. शिवाय रुग्णालयात, बँकेत समोर बसलेल्याने दोन मिनिटे थांबून टाइप करण्याची तयारी ठेवावी लागेल. त्याला एक पैसाही लागत नाही.