आईला नापास कोणी केलं?

आई विसरायला लागलीय, हे मी नाकारत नाही. परवा गॅसवर दूध ठेवून देवळात गेली. म्हणून शहरात नेऊन स्मरणशक्तीची तपासणी केली.

सगळे प्रश्न हिंदीत. आजची तारीख? आई म्हणाली, एकादशी. उपास होता तिचा, बरोबरच होतं. शून्य! शंभरातून सात वजा करा, परत सात, परत सात. मग एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे. दुसरीत शाळा सुटलेली बाई, पेन्सिल हातात घेऊन माझ्याकडेच बघत बसली. ३० पैकी ११.

आता या ११ मध्ये आजार किती आणि शाळा सुटल्याची शिक्षा किती?

ही चाचणी १९७५ सालची, अमेरिकेतली. शिक्षणाप्रमाणे गुण बदलतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं. हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली, त्यालाही तीसेक वर्षं झाली. मग महाराष्ट्रात मराठी म्हातारीला मराठीत विचारायला काय जातं हो?

गुरुवारी परत बोलावलंय. मी अर्जच देणार आहे: मराठीत विचारा, आणि रिपोर्टवर गुणांशेजारी तिचं शिक्षण लिहा. तुमच्याही घरच्यांना नेणार असाल तर हे आधीच मागा.